टाकी भरली की वायफाय जातं

लातूरजवळच्या औशाला मामांकडे गेलं की चहाच्या आधी तक्रार येते. या वेळची तक्रार गच्चीवरच्या डब्याची होती. "टाकी रिकामी असली की ह्यो नीट बोलतो. भरत आली की ह्येला झोप लागती. मंग मोटार बंद कोण करावं?"

डबा म्हणजे टाकीतली पातळी बघून खालच्या मोटारीच्या स्मार्ट स्विचला वायफायवरून निरोप देणारं यंत्र. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या माणसासमोर टाकी सांडणं म्हणजे गुन्हाच. त्यात घरात तीन नोडांचं नवं मेश वायफाय बसवलेलं, म्हणजे घरभर ठेवलेले तीन छोटे राउटर (नोड) मिळून एकच जाळं. बसवणारा मुलगा सांगून गेला होता, "एकच नाव, एकच पासवर्ड, काही बघायचं काम नाही." नेमकं तेच बघायचं काम होतं.

त्या एका नावाखाली दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे, चालतात. एक 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 कोटी कंपनं, आणि लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. दुसरा 5 गिगाहर्ट्झचा. त्याची लहर साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. दुसऱ्यात जागा ऐसपैस, वेग भरपूर, पण भिंत आली की तो लवकर थकतो. पहिला हळू, पण लांब पोचतो. मामांच्या घराचा पुढचा भाग अजून माळवदाचा आहे, दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंतींचा. मागचा भाग 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलेला, सिमेंटचा. माळवदाच्या भिंतीपुढे 2.4 ला दम लागतो, 5 तर उंबऱ्यातच बसतो. पावसाळ्यात माती ओल धरते तेव्हा आणखी बिकट. आणि मध्ये पत्रा असेल तर दोघंही हात टेकतात.

वेगाचा मोह इथं सोडायला हवा. टाकीचा डबा दिवसभरात जे बोलतो ते एका फोटोएवढंही नसतं. बल्ब, प्लग, मोटारीचा स्विच यांचंही तेच. त्यांना वेग नको, पोच हवी. म्हणूनच या स्वस्त वस्तूंमधल्या चिपा बहुतेक फक्त 2.4 वर चालणाऱ्या असतात. 2014 पासून बाजारात आलेली ईएसपी8266 ही चिप अशा असंख्य वस्तूंच्या पोटात आहे आणि तिला 5 गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. यात तिचा दोष काही नाही. स्वस्त आणि कमी विजेवर चालणारी हवी होती, तशी ती आहे.

मग नवा प्लग जोडताना अॅपमधलं चाक अर्धा तास फिरत का राहतं? जोडण्याच्या एका प्रचलित पद्धतीत एक गंमत आहे. नव्या प्लगला तुमच्या वायफायचा पासवर्ड माहीत नसतो, त्यामुळे हवेतून जाणारे कुलूपबंद निरोप त्याला वाचता येत नाहीत. पण निरोपाची लांबी कुलूप लावूनही झाकत नाही. म्हणून फोन मुद्दाम ठरावीक लांबीचे निरोप सोडत राहतो. कुठल्या लांबीचा अर्थ काय हे प्लगला ठाऊक असतं, आणि तो नुसत्या लांब्या मोजून नाव व पासवर्ड जुळवतो. बंद पाकिटांची जाडी बघून पत्र वाचण्यासारखं हे आहे. आता नोडच्या शेजारी बसलेला तुमचा फोन असतो 5 वर, प्लगचा कान 2.4 वर. राउटरनं तेच निरोप 2.4 वरही फिरवले तर जमतं, नाहीतर नाही. "काल लागलं, आज लागंना" असं होतं ते यामुळे.

यावर मामांच्या पोरानं शोधलेला उपाय साधा होता: फोन घेऊन परसात जायचं. नोडपासून लांब गेलं, की फोन आपणहून 2.4 वर उतरतो. प्लगही तिथंच एक्स्टेंशन बोर्डावर लावायचा, जोडायचा, मग घरात आणायचा. चालतं, हसू नका. पण त्याहून बरं म्हणजे मेशच्या अॅपमध्ये फक्त 2.4 चं वेगळं नाव सुरू करता येतं का ते बघावं. बऱ्याच मेशमध्ये ती सोय असते; नसेल तर जोडण्यापुरतं 5 बंद करावं. सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए3 (वायफायला कुलूप लावायची नवी पद्धत) निवडलेलं असेल, तर जुन्या वस्तूंना ती भाषा कळत नाही; तिथं जुनी डब्ल्यूपीए2 ठेवावी. वेगळ्या नावासाठी पाहुण्यांचं नेटवर्क वापरलं तर एक अडचण येऊ शकते: त्यावरच्या वस्तूंना घरातल्या बाकीच्यांशी बोलायची मुभा बहुधा नसते. आणि राउटर बदलणार असाल तर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्याला द्या. अकरा बल्ब पुन्हा जोडण्याची शिक्षा वाचते.

2.4 वर गर्दी मात्र असते. अख्खा बँड जेमतेम 83 मेगाहर्ट्झचा, एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच: 1, 6 आणि 11. त्यातच ब्लूटूथ, त्यातच शेजाऱ्याचा राउटर. म्हणून टीव्ही, लॅपटॉप, फोन यांना 5 वर राहू द्यावं.

आता टाकी. मामांचा डबा 2.4 वरच होता, म्हणजे बँडची चूक नव्हती. गच्चीवर गेलो तेव्हा दिसलं, की नोडची लहर जिन्याच्या दारातून वर येते आणि डबा टाकीच्या पलीकडच्या अंगाला ठोकलेला. टाकी रिकामी असते तेव्हा मध्ये नुसतं प्लास्टिक, लहर आरपार. भरली की मध्ये मीटरभर पाणी. या लहरी पाण्यात शिरल्या की दर दोन सेंटीमीटरला त्यांची ताकद साधारण एक तृतीयांश उरते. मीटरभरानंतर काय उरणार? आजूबाजूला उंच भिंत असती तर तिच्यावर आपटून थोडी लहर वळून आली असती, पण मोकळ्या गच्चीवर तेही नाही. म्हणजे निरोप द्यायची वेळ आणि वाट बंद व्हायची वेळ एकच!

मायक्रोवेव्ह ओव्हनही याच बँडमध्ये, 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो. तो 'पाण्याचा खास सूर' आहे असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. पाणी सगळ्यात जास्त शोषतं ते 20 गिगाहर्ट्झच्या आसपास. 2.45 वर शोषण त्या मानानं कमी, म्हणून तर ओव्हनमधल्या लहरी पदार्थात थोड्या आतपर्यंत शिरतात. 5 गिगाहर्ट्झ पाण्यात याहून लवकर विरतो. तेव्हा डब्याला महागडी 5 ची चिप असती तरी भरल्या टाकीमागून त्याचा आवाज आला नसता.

चार स्क्रू काढून डबा जिन्याच्या बाजूला लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला, टाकी भरली, मोटार आपोआप बंद झाली.

एक भानगड उरली आहे. जिन्याजवळचा नोड स्वयंपाकघराच्या सॉकेटवर आहे आणि मामीला मिक्सरला तेच सॉकेट लागतं. नोड बंद झाला की डबा पुढच्या माळवदातला लांबचा नोड कसाबसा पकडतो. जवळचा पुन्हा सुरू झाला तरी तो परत येत नाही. कारण कुठल्या नोडला चिकटायचं हे शेवटी वस्तूच ठरवते आणि अशा साध्या चिपा पकडलेला हात सहसा सोडत नाहीत. त्यामुळे दुपारी घरात चटणी वाटली गेली, की संध्याकाळी मामा गच्चीवर जाऊन डब्याचं बटण एकदा बंद-चालू करतात.