करप्शन (शब्दाचा इतिहास)

करप्शन म्हटलं की आज आपल्याला टेबलाखालून सरकणारं पाकीट, टेंडरमधली टक्केवारी आणि अँटी करप्शनवाल्यांनी लावलेला सापळा एवढंच आठवतं. पण हा इंग्रजी शब्द त्याच्यापेक्षा खूप पसरट आहे, शेकडो वर्षं त्याचा मुख्य अर्थ सडणं, नासणं, कुजणं असा होता, आणि पैसे खाणं हा त्या नासण्याचाच एक प्रकार मानला जायचा.

शब्द आला लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने, साधारण चौदाव्या शतकात. मूळ क्रियापद 'कोरुम्पेरे', त्यात 'रुम्पेरे' म्हणजे तोडणं-फोडणं (रप्चर, इरप्ट, इंटरप्ट हे सगळे त्याच खानदानातले). लॅटिनमध्येच या क्रियापदाला नासवणं आणि लाच देऊन वश करणं असे दोन्ही अर्थ होते. आपण मराठीत साक्षीदार फोडला, नगरसेवक फोडले असं म्हणतो ना, अगदी तेच, फक्त रोमन लोकांनी ते आधी म्हटलं.

सुरुवातीच्या इंग्रजीत मात्र हा शब्द जास्त करून मढ्याला, जखमेला, पाण्याला, हवेला लागायचा. ॲरिस्टॉटलच्या एका ग्रंथाचं लॅटिन नावच 'उत्पत्ती आणि करप्शन' अशा अर्थाचं आहे, तिथे नीती-अनीतीचा काही संबंध नाही, वस्तू तयार होतात आणि नाश पावतात एवढंच. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येही करप्शन म्हणजे थडग्यात देह कुजणं. पण त्याच काळात धर्मवाल्यांनी तो आत्म्यालाही लावला होता. चर्च ऑफ इंग्लंडच्या 39 कलमांमध्ये (इंग्रजी मसुदा 1571 चा) नववं कलम मूळ पापाबद्दल आहे आणि त्यात माणसाच्या स्वभावाचंच करप्शन झालंय असं म्हटलंय. म्हणजे तुम्ही लाच घ्या नाही तर घेऊ नका, जन्मलात म्हणजे करप्ट.

यातला सगळ्यात विचित्र वापर कायद्यातला, 'करप्शन ऑफ ब्लड', म्हणजे रक्त नासणं. इंग्लंडमध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली की त्या माणसाची जमीन तर जायचीच, पण त्याचं रक्त नासलं असं धरलं जायचं, त्यामुळे त्याच्या मुलाला त्याच्यामार्फत आजोबाची इस्टेटसुद्धा मिळायची नाही. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेत राजद्रोहाच्या शिक्षेचा हा परिणाम गुन्हेगाराच्या हयातीपुरताच मर्यादित केला. इंग्लंडमध्ये ते पूर्ण संपायला 1870 साल उजाडलं.

पैशाच्या अर्थाने गाजलेलं जुनं प्रकरण म्हणजे फ्रान्सिस बेकन, तोच तो तत्त्वज्ञ, जो लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे इंग्लंडचा वरिष्ठ न्यायाधीश होता. 1621 मध्ये त्याच्यावर पक्षकारांकडून पैसे घेतल्याचे 28 आरोप आले आणि मी करप्शनचा दोषी आहे अशी त्याने लेखी कबुली दिली. चाळीस हजार पौंड दंड झाला, लंडनच्या टॉवरमध्ये म्हणजे तुरुंगातही जावं लागलं पण थोडेच दिवस. गंमत अशी की नजराणा घेतला तरी निकाल मी फिरवला नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि खरंच ज्यांनी पैसे दिले त्यातल्या काहींच्या विरोधात निकाल गेले होते. पैसे घेऊन काम न करणारा साहेब ही तक्रार चारशे वर्षं जुनी आहे!

अठराव्या शतकात या शब्दाला राजकीय धार आली. ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोलच्या काळात (1721 ते 1742) विरोधक करप्शन म्हणायचे तेव्हा नुसतं लाच खाणं त्यांच्या मनात नसायचं, सरकार खासदारांना पगारी पदं आणि पेन्शनी वाटून मिंधं करतंय आणि त्यामुळे सगळी राज्यव्यवस्थाच कुजतेय, असा तो आरोप होता. पुढे विल्यम कॉबेटसारखे पत्रकार या सगळ्या साखळीला 'ओल्ड करप्शन' म्हणायला लागले. ओल्ड सारम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीवरून दोन खासदार निवडून जायचे, अशा मतदारसंघांना 'रॉटन' म्हणजे सडके म्हणायचे, सडण्याची तीच जुनी कल्पना. 1832 च्या रिफॉर्म ॲक्टने त्यातले बरेच सडके मतदारसंघ काढून टाकले.

आपल्याकडे या शब्दाची मोठी जाहीर चर्चा झाली ती 1888-89 च्या क्रॉफर्ड प्रकरणात. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मार्केट मुंबईत आहे (आता महात्मा जोतिबा फुले मंडई), तो नंतर पुण्यात कमिशनर असताना मामलेदारांकडून बदली-बढतीसाठी पैसे घेतो असा आरोप झाला. चौकशीत मामलेदारांनी अभय मिळाल्यावर आम्ही पैसे दिले अशा साक्षी दिल्या. शेवटी लाचेचा आरोप काही त्याच्यावर टिकला नाही, हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल नोकरी गेली, आणि विलायतेत ओरड झाली ती मात्र कबुली देणाऱ्या मामलेदारांना कामावर कसं ठेवता म्हणून. टिळक तेव्हा मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले, कारण सरकारने दिलेला शब्द सरकारनेच मोडायचा हे त्यांना पटणारं नव्हतं. माझ्या मते पुढे सगळीकडे दिसणारा प्रश्न, की देणारा गुन्हेगार की बळी, तो इथे पहिल्यांदा एवढ्या उघडपणे महाराष्ट्रात मांडला गेला.

भाषेबद्दल बोलतानाही हा शब्द वापरायचे. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'अमुक शब्द तमुक शब्दाचं करप्शन आहे' अशा नोंदी सापडतात. आपण त्याला अपभ्रंश म्हणतो, आणि त्यातला 'भ्रंश' आणि भ्रष्टाचारातला 'भ्रष्ट' एकाच धातूचे, अर्थ खाली पडणं, ढळणं. व्याकरणकार पतंजलीनेसुद्धा गौः (गाय) या शब्दाच्या गावी, गोणी अशा रूपांना अपभ्रंशच म्हटलंय. फरक एवढाच की इंग्रजांचा शब्द कुजतो आणि आपला घसरतो. मराठीत भ्रष्ट हा शब्द आधी सोवळंओवळं, जात आणि धर्म यांच्याशी जास्त जोडलेला होता, धर्मभ्रष्ट, भ्रष्टाकार वगैरे, पैशाचा अर्थ नंतर चढत गेला. आजचे भाषातज्ज्ञ मात्र करप्शन आणि अपभ्रंश हे दोन्ही शब्द या अर्थाने टाळतात, भाषा बदलते, नासत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे.

मन नासवणे हा अर्थ कायद्यात अजून जिवंत आहे. 1868 च्या इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरली, मजकुराने वाचणाऱ्याचं मन 'डिप्रेव्ह अँड करप्ट' होतं का, आणि तीच कसोटी भारतात आली. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला तो यावरूनच, 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. निवडणूक कायद्यातही तसंच. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'करप्ट प्रॅक्टिस' मध्ये लाच आहेच पण धर्माच्या नावावर मतं मागणंही आहे, त्यामुळेच 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. त्या खटल्यात मुद्दा पैशाचा नव्हता, भाषणांचा होता.

लाचेच्या कलमात मात्र सुरुवातीला हा शब्द नव्हता, 1860 च्या दंडसंहितेच्या 161 कलमात 'ग्रॅटिफिकेशन' होतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारी खरेदी आणि कंत्राटांत बेसुमार खाबुगिरी झाली, मग 1947 मध्ये प्रिव्हेन्शन ऑफ करप्शन ॲक्ट आला. 1964 मध्ये संथानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग झाला आणि 1988 मध्ये जुना कायदा जाऊन त्याच नावाचा नवीन कायदा आला. नावात करप्शन असूनही या कायद्यात करप्शनची व्याख्या नाही, कुठली कुठली कृत्यं गुन्हा आहेत तेवढं सांगितलंय. संयुक्त राष्ट्रांच्या 2003 च्या करारातही व्याख्या दिलेली नाही. 2018 च्या दुरुस्तीने 'ग्रॅटिफिकेशन' च्या जागी 'अनड्यू ॲडव्हान्टेज' आलं आणि लाच देणाराही थेट गुन्हेगार झाला, मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याची सुटका होते.