घोट्याखाली कापलेला बूट

सोलापुरात पोराला बास्केटबॉलचे बूट घ्यायचे म्हटलं की घरातलं कुणीतरी हटकून सांगतं, "घोटा झाकणारे घे, पाय मुरगळत नाही." अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने बूट बनवणाऱ्या नाइकी कंपनीचा डिझायनर एरिक अवार याच्याकडे नेमकं उलटं मागितलं होतं. कोबीचं लहानपण इटलीत, फुटबॉल बघण्यात गेलं. फुटबॉलपटू पळता पळता झटक्यात दिशा बदलतात, तेही घोट्याखाली संपणाऱ्या आखूड बुटांत; मग बास्केटबॉललाच उंच कॉलर, म्हणजे घोट्याभोवतीची कड, कशाला? त्यातून २००८-०९च्या हंगामात 'झूम कोबी ४' हा आखूड बूट आला. त्याच हंगामात कोबीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर ६१ गुण मारले आणि त्याचा संघ लेकर्स विजेता ठरला. श्रेय बुटाचं नव्हे, पण बूट आडही आला नाही.

घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, ताणला जातो, कधी फाटतो. हे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतं. स्नायू आवळून पाय सावरेपर्यंत उशीर झालेला असतो. उडीवरून खाली येणाऱ्या अंगाचा भार मऊ कॉलर काय अडवणार? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहाशेहून जास्त महाविद्यालयीन खेळाडूंना उंच आणि आखूड बूट वाटून दिले होते. मुरगळण्याच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. घोट्याच्या दुखापती एकूण १५च झाल्या, त्यामुळे हा अखेरचा निकाल मानू नये.

खरी मदत होते ती खालून. तळ जितका उंच, तितकं पाऊल कलंडणं सोपं. म्हणून कोबी ४ मध्ये पाय जमिनीजवळ ठेवला. दुसरी गोष्ट म्हणजे पाऊल बुटात सरकता कामा नये. त्यासाठी फ्लायवायर: वरच्या पातळ थरात बसवलेले, न ताणणारे मजबूत धागे. मागावर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण सांभाळणाऱ्याला यातलं मर्म पटकन कळेल. धागा ओढ सोसतो, दाब नाही. म्हणून जिथे ओढ पडते तिथेच तो घालायचा, बाकी वजन वाचवायचं.

आज एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आखूड बूट सर्रास दिसतात. २०१९पासून कोबी ४ सुधारून पुन्हा बाजारात आला, आणि २०२०मध्ये कोबी गेल्यावर त्याच्या बुटांची ओढ वाढलीच.

आपल्याकडे अडचण वेगळी. सिमेंटच्या कोर्टवर धूळ साचते आणि रबर व जमीन यांच्यामध्ये ती बारीक छऱ्यांसारखी घरंगळते, पकड सुटते. खरबरीत सिमेंट तळाची नक्षीही लवकर घासून टाकतं. तेव्हा कॉलर मोजण्याआधी बूट उलटा करून रबर किती जाड आहे ते बघा, आणि खेळाआधी कोर्ट झाडून घ्या.