बॅकराच्या टेबलावर नाल किती बसते?
गोव्याच्या सहलीला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्याची सहल बुक करताना नागपुरात सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात हॉटेल, जेवण आणि समुद्र यांच्यानंतरचा चौथा प्रश्न ठरलेला असतो, तोही जरा आवाज खाली करून: "भाऊ, ते मांडवीतल्या जहाजांचं कसं?" म्हणजे पणजीला मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंचं. कॅसिनोचं तिकीट आमच्या पॅकेजमध्ये नसतं आणि कॅसिनोकडून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही. पण मोकळ्या संध्याकाळी अर्धी बस तिकडेच वळते. त्यातही बहुतेक लोक बॅकरा या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलाशी थांबतात, कारण तिथे काही येत नसलं तरी खेळता येतं. (पाटीवर "बॅकारॅट" लिहिलेलं असतं. शेवटचा "ट" गिळायचा.) म्हणून हे पत्रक. खेळा किंवा खेळू नका असं त्यात काही सांगितलेलं नाही, फक्त हिशेब आहे.

नाल हा शब्द आपल्याकडे नवा नाही. पोळ्याला किंवा दिवाळीत जिथे पत्ते कुटले जातात, तिथे जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा बाजूला काढतो, ती नाल. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निघते, म्हणून कोणी फसत नाही. कॅसिनोतही नाल असतेच, पण ती काढताना दिसत नाही. जिंकल्यावर मिळायला हवं त्यापेक्षा थोडं कमी मिळतं आणि ते "थोडं कमी" म्हणजेच कॅसिनोचा हिस्सा, ज्याला तिथे हाउस एज म्हणतात.

आधी खेळ. आठ कॅट एकत्र पिसून एका पेटीत भरतात, त्या पेटीला शू म्हणतात. एका बाजूचं नाव प्लेयर, दुसरीचं बँकर. ही फक्त नावं आहेत. प्लेयर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही. तुम्हाला दोहोंपैकी कशावरही पैसे लावता येतात. हा गोंधळ इतका होतो की "मालकाच्या बाजूने कशाला लावू" म्हणून लोक बँकरकडे बघतही नाहीत. दोन्हीकडे दोन-दोन पत्ते पडतात. एक्का म्हणजे 1, दुर्रीपासून नव्वीपर्यंत जेवढे ठिपके तेवढे, दश्शी, गुलाम, राणी आणि राजा शून्य. बेरजेतला फक्त एकम स्थानचा अंक धरायचा: नव्वी आणि पंजी मिळून 14, म्हणजे 4. जो 9 च्या जवळ तो जिंकला. पहिल्या दोन पत्त्यांतच कोणाचे 8 किंवा 9 झाले तर डाव तिथेच संपतो. नाही तर तिसरा पत्ता कोणी घ्यायचा हे नियमांनी ठरलेलं असतं. तीन पत्तीसारखं ब्लाइंड, चाल, पॅक असं काही नाही. एकदा चिप्स (पैशांऐवजी वापरायची टोकनं) ठेवल्या की तुमचं काम संपलं.

प्लेयरचा नियम सोपा आहे: 5 किंवा कमी असेल तर पत्ता घ्या, 6 किंवा 7 असेल तर थांबा. बँकरची पाळी नंतर येते आणि खरी मेख तिथेच आहे. प्लेयरने तिसरा पत्ता कोणता घेतला ते बघून बँकरचं ठरतं. उदाहरणार्थ, बँकरचे 3 असतील तर तो पत्ता घेतो, पण प्लेयरचा तिसरा पत्ता अठ्ठी असेल तर थांबतो. 6 असतील तर प्लेयरला छक्की किंवा सत्ती आली असेल तरच घेतो. समोरच्याचा पत्ता बघून चाल करायला मिळाली तर कोणीही जरा जास्तच जिंकेल. त्यामुळे 10,000 डावांत सरासरी बँकर 4,586 वेळा जिंकतो, प्लेयर 4,462 वेळा आणि उरलेल्या 952 वेळा बरोबरी होते. तिला टाय म्हणतात. टाय झाली की प्लेयर-बँकरवरचे पैसे जसेच्या तसे परत मिळतात.

आता दर डावाला 100 रुपये लावा. असे 10,000 डाव झाले की टेबलावर एकूण दहा लाख फिरले.

सगळे प्लेयरवर लावले तर 4,462 वेळा शंभर आले आणि 4,586 वेळा शंभर गेले. फरक 124 डावांचा, म्हणजे 12,400 रुपये. दहा लाखांवर 1.24 टक्के.

सगळे बँकरवर लावले तर फायदाच व्हायला हवा, बरोबर? तसा तो होऊ नये म्हणून कॅसिनो बँकरच्या प्रत्येक विजयावर 5 टक्के कमिशन कापतो, शंभराला 95 देतो. कळमन्याच्या बाजारात अडत कापून पट्टी हातात यावी तसं. 4,586 गुणिले 95 म्हणजे 4,35,670 आले, 4,46,200 गेले. तोटा साडेदहा हजारांच्या आसपास, बारीक हिशेबाने 1.06 टक्के. गंमत अशी की ज्या एका पैजेवर कापणी उघड दिसते, तीच या टेबलावरची सगळ्यात स्वस्त पैज आहे.

काही टेबलांवर "नो कमिशन" अशी पाटी असते आणि तिथे गर्दी जास्त असते. इतवारीच्या सराफ्यात "घडणावळ माफ" लिहिलेलं दिसलं की आपल्या घरच्या बायका लगेच "घट किती धरणार?" विचारतात. तोच प्रश्न इथेही विचारा. त्या टेबलांचा नेहमीचा नियम असा की बँकर 6 वर जिंकला तर निम्मेच पैसे मिळतात. त्यामुळे नाल 1.06 वरून 1.46 टक्क्यांवर जाते. माफी महाग पडली.

टायचं मात्र वेगळंच आहे. लावलेल्या शंभराला आठशे मिळतात, म्हणून हात तिकडे ओढला जातो. पण टाय होते साडेदहा डावांत एकदा, म्हणजे बरोबरीचा भाव शंभराला साधारण साडेनऊशे असायला हवा. 952 वेळा आठशे म्हणजे 7,61,600 आले, 9,048 वेळा शंभर म्हणजे 9,04,800 गेले. दहा लाखांत 1,43,200 रुपये खलास. नाल 14 टक्क्यांच्या वर! पहिल्या दोन पत्त्यांची जोडी पडेल या "पेअर"च्या पैजेवर अकरापट मिळतात, तिथे नाल 10 टक्क्यांहून जास्त. तुलनेला, एकच शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ती 2.70 टक्के असते.

"1.06 टक्के म्हणजे दहा हजारांवर 106 रुपये, त्यात काय?" असं एका काकाजींनी आमच्या काउंटरवर विचारलं होतं. चूक इथेच होते, कारण नाल खिशात आणलेल्या पैशांवर बसत नाही. तेच पैसे टेबलावर पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला ती बसते. तासाला सत्तर डाव धरा, चार तास बसलात तर 280 डाव. प्रत्येकी 500 बँकरवर लावले म्हणजे 1,40,000 रुपये फिरले, जरी तुम्ही घरून दहा हजारच आणले असले तरी. त्यावर 1.06 टक्के म्हणजे 1,484 रुपये. चार तासांच्या करमणुकीला हे जास्त की कमी ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याच वेळी "शंभर रुपयेच तर आहेत" म्हणत दर डावाला टायवर शंभर ठेवलेत, तर 28,000 फिरले आणि त्यावर 4,021 रुपये गेले. शंभराची चिप पाचशेच्या चिपपेक्षा अडीचपटीहून जास्त महाग पडली.

हे आकडे सरासरीचे आहेत. एका रात्रीत सरासरी दिसत नाही. वरच्या 280 डावांत निकाल सरासरीच्या वर-खाली साडेसात-पावणेआठ हजारांनी सहज हलतो, म्हणजे कोणी सहा हजार जिंकून येईल आणि कोणी नऊ हजार घालवून. मध्येच खिसा रिकामा झाला तर डावही तिथेच थांबले. जिंकून आलेला माणूस बसमध्ये चार तास आपली युक्ती सांगतो, हरलेला खिडकीतून बाहेर बघतो. त्यामुळे युक्त्यांची संख्या वाढत जाते.

दोन युक्त्या कायम ऐकू येतात. पहिली टेबलावरच्या स्क्रीनची. मागच्या डावांचे लाल-निळे गोल तिथे रांगेने दिसतात आणि सहा वेळा बँकर आला की लोक सरळ प्लेयरवर तुटून पडतात. टाय सोडून एका शूमध्ये सत्तरएक डाव होतात. तेवढ्यात एकाच बाजूने सलग सहा किंवा जास्त वेळा जिंकण्याचा प्रकार सरासरी एकदा होतोच. त्यात विशेष काही नाही आणि पुढच्या पत्त्यावर त्याचा परिणाम नाही. ते स्क्रीन कॅसिनोने स्वतःच्या खर्चाने लावलेले आहेत, एवढं लक्षात घ्या. दुसरी युक्ती दुप्पट करण्याची: 500 हरलो तर 1,000, मग 2,000. सलग सहा वेळा हरलात तर 31,500 गेलेले असतात आणि सातव्या डावाला 32,000 लावायचे, तेही शेवटी 500 चा फायदा व्हायला. तोवर टेबलाची कमाल मर्यादा आडवी येतेच. पत्ते लक्षात ठेवून ब्लॅकजॅक या पत्त्यांच्याच दुसऱ्या खेळात कॅसिनोवर मात करता येते हे 1960 च्या दशकात दाखवणारे गणिती एडवर्ड थॉर्प यांनी बॅकराही तपासला होता. प्लेयर-बँकरच्या पैजांत त्यांना हाताशी येण्यासारखं काही सापडलं नाही.

आता कर, कारण त्यापुढे सगळी नाल किरकोळ आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोतल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. दिलेल्या रकमेतच कर धरला तर दहा हजार देऊन चिप्स 7,143 रुपयांच्या मिळतात, पहिला पत्ता पडायच्या आधी. काउंटरवर "इतक्या पैशांत चिप्स किती?" हे आधी विचारा, मग पाकीट काढा. तिकिटाबरोबर "वन टाइम प्ले" चिप्स मिळाल्या तर त्या लावता येतात, वटवता येत नाहीत. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के दराने आयकर लागतो, वर अधिभार-उपकर वेगळे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. आमच्याकडे येणारे सीए हे ऐकून हसतात, बाकीच्यांचा चेहरा पडतो.

कायद्याचं थोडक्यात. गोव्यात 1976 च्या कायद्यात 1992 आणि 1996 मध्ये दुरुस्त्या झाल्या, आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशिनना आणि मग जहाजांवरच्या खेळांना वाट मिळाली. प्रवेशाला वय 21 पूर्ण हवं, ओळखपत्र मूळ हवं, मोबाइलवरचा फोटो चालेल असं धरून जाऊ नका. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 चा कॅसिनो कायदा इथे कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. फोनवर "लाइव्ह बॅकरा"ची लिंक आली तर ती उघडूच नका, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. शिवाय वरचं सगळं गणित पत्ते खरे असतील तरच लागू पडतं. ॲपमधले पत्ते कोण पिसतो? 2023 मध्ये आपल्याच शहरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी गेल्याची तक्रार दिली होती आणि पोलिसांचा छापा गोंदियात पडला होता, हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

घरात कोणाचा हात थांबत नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आमच्या बाजूने दोन गोष्टी. आमचे मॅनेजर कोणालाही चिप्ससाठी उसने पैसे देणार नाहीत, कितीही जुनी ओळख असली तरी. आणि जुन्या गोव्याला जाणारी बस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला हॉटेलवरून सुटते. रात्रभर जहाजावर बसलेल्यांसाठी ती थांबत नाही. मागच्या वेळी नऊपर्यंत थांबलो आणि बाकीच्या तीस जणांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या.