इलेक्ट्रॉन "वाकतो" म्हणजे नक्की काय? इलेक्ट्रिक फील्ड आणि मॅग्नेटिक फील्डमधला फरक

बारावीच्या मुलांचा एक घोटाळा मी दरवर्षी बघतो, फील्डमध्ये शिरला की इलेक्ट्रॉन वाकतो एवढंच लक्षात राहतं आणि मग इलेक्ट्रिक फील्डच्या गणितात पण वर्तुळाची त्रिज्या काढायला बसतात. वाकतो दोन्हीकडे हे खरंय, पण वाकवणारा जोर वेगळ्याच जातीचा असतो.

युनिफॉर्म, म्हणजे सगळीकडे सारख्याच, इलेक्ट्रिक फील्डमध्ये जोर म्हणजे चार्ज गुणिले फील्ड, बस्स. कण थांबलेला असो, सुसाट असो, आडवा असो, जोर तेवढाच आणि दिशाही तीच. गच्चीवरून चेंडू आडवा फेकला की पुढे जाण्याचा वेग तसाच राहतो आणि खाली पडण्याचा वाढत जातो, इथेही तेच, म्हणून पॅराबोला. एक उदाहरण करून बघा: २००० व्होल्टने पळवलेला इलेक्ट्रॉन, ४ सेंटीमीटर लांब प्लेट्स, मधलं अंतर १ सेंटीमीटर, प्लेट्सवर १०० व्होल्ट. बाहेर पडेपर्यंत तो बरोबर २ मिलिमीटर सरकतो, आणि प्लेट्समधून बाहेर पडला की पुढे सरळ रेषेत.

मॅग्नेटिक फील्डमध्ये थांबलेल्या कणाला काहीच होत नाही, फील्डच्या दिशेनेच चाललेल्यालाही नाही. आडवा चालला असेल तरच जोर, आणि तो कायम वेगाला काटकोनात. गोफण फिरवताना दोरी दगडाला सतत आत ओढते तसं, म्हणून वाट वर्तुळाची. त्यामुळे दिशा बदलते पण वेग वाढत नाही की कमी होत नाही, ऊर्जा होती तेवढीच. इलेक्ट्रिकमध्ये मात्र वेग वाढतो, वर आपण २ मिलिमीटर काढले तेवढ्यात सुद्धा फील्डने थोडी ऊर्जा दिलेली असते.

मग गोंधळ का होतो? कारण फील्डचा पट्टा छोटा असतो, पूर्ण वर्तुळ होतच नाही, कमानीचा एक तुकडा होतो आणि कण बाहेर, आणि असा छोटा तुकडा पॅराबोलाचा की वर्तुळाचा हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ते २ मिलिमीटर कसे आले बघा: फील्ड (प्लेट्सवरचं व्होल्टेज भागिले मधलं अंतर) गुणिले लांबीचा वर्ग, भागिले पळवणाऱ्या व्होल्टेजची चौपट. यात वस्तुमान कुठेच नाही! म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागी ऑक्सिजनचा निगेटिव्ह आयन (एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेला अणू), जवळपास २९ हजार पट जड, त्याच २००० व्होल्टने पळवून सोडला तरी तो त्याच वाटेने जाणार, फक्त हळू. मॅग्नेटिक फील्डमध्ये मात्र त्याच आयनचं वर्तुळ इलेक्ट्रॉनच्या सुमारे १७० पट मोठं होतं, म्हणजे तो जवळजवळ सरळच सुटतो.

हे जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये प्रत्यक्ष दिसायचं. तेव्हाच्या ऑसिलोस्कोपमध्ये (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) इलेक्ट्रॉनचा किरण प्लेट्सने वळवायचे, टीव्हीत ट्यूबच्या मानेवरच्या कॉइल्सने, कारण कॉइलने मोठा कोन मिळतो आणि ट्यूब आखूड राहते, आणि प्लेट्स वापरायच्या त्या वेगाने बदलणाऱ्या सिग्नलसाठी. तर टीव्हीत इलेक्ट्रॉन पडदाभर फिरायचे आणि ट्यूबमधले निगेटिव्ह आयन न वळता मधोमध आदळत राहायचे, फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) खराब होऊन तिथे काळपट डाग पडायचा. त्यासाठी आयन अडवायची वेगळी सोय करावी लागली, पुढे फॉस्फरच्या मागे ॲल्युमिनियमचा पातळ थर आला.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, वस्तुमान उडतं ते पळवणारं व्होल्टेज सारखं असेल तेव्हाच. दोन कणांचा वेग सारखा असेल तर इलेक्ट्रिक फील्डमध्येही जड कण कमीच वाकतो. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये याचाच उपयोग केला, दोन्ही फील्ड एकमेकांना काटकोनात लावून किरण सरळ जाईल असे जुळवले, तेव्हा इलेक्ट्रिक भागिले मॅग्नेटिक म्हणजे थेट वेग, आणि वेग कळल्यावर एकट्या इलेक्ट्रिक फील्डमध्ये किरण किती सरकतो त्यावरून चार्ज आणि वस्तुमानाचं गुणोत्तर.