लाकडी भगवा भिंतीवर: फळ्यांच्या संचासोबतचे माहितीपत्रक

या खोक्यात सात फळ्या, पाच मागच्या पट्ट्या, पोफळीची काठी, टांगणीची जोडपट्टी, स्क्रू, रंगाच्या दोन पुड्या आणि कागदी साचा आहे. त्यातून ३६ इंच लांब आणि २१ इंच उंच, दोन शेपट्यांचा, वाऱ्यावर फडफडत असल्यासारखा दिसणारा कोरीव भगवा तयार होतो. कापड दिसते ते रंगामुळे नव्हे, कोरलेल्या लाटेवर पडणाऱ्या उजेडसावलीमुळे. म्हणून या पत्रकातला निम्मा मजकूर लाटेबद्दल आहे. उरलेला बराचसा ओलाव्याबद्दल आहे, कारण किनाऱ्यावर लाकडाचे जे काही बिघडते ते बहुतेक ओलाव्यानेच.

लाकूड कोणते

संच तीन लाकडांत मिळतो. शिवण हलकी, पटाशीला मऊ आणि हवा बदलली तरी फारशी न वळणारी. पहिल्यांदाच कोरणाऱ्याने शिवणच घ्यावी. फणसाचा गाभा कापला तेव्हा पिवळाधमक असतो आणि उजेडाने हळूहळू तपकिरी होत जातो; त्यावर भगवा रंग पातळ लावला तरी खालून ऊब येते. सागवान टिकाऊ, पण त्याची बारीक भुकटी काहींच्या कातडीला आणि श्वासाला त्रास देते. ते घासताना मास्क लावाच.

आंब्याच्या फळ्या आम्ही देत नाही. आंब्याला कीड लवकर लागते आणि दोन पावसाळ्यांत झेंड्याखाली पिठासारखी भुकटी पडू लागते. इतर लाकडांतही सालीलगतचा पांढरा भाग किडीला आवडतो, कारण त्यात पिष्ट असते. तो आम्ही काढूनच फळ्या पाडतो. तरीही कडेला एखादी पांढरी रेघ राहिली असेल, तर एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून मागच्या बाजूला दोनदा ब्रशने लावा. पूर्ण वाळल्याशिवाय रंगाकडे वळू नका.

फळ्या प्रत्येकी ३६ इंच लांब, ३ इंच रुंद आणि ३२ मिलिमीटर जाड आहेत. खोके उघडल्यावर त्या लगेच कापायला घेऊ नका. झेंडा ज्या खोलीत लागणार आहे तिथे, मधे बारीक काठ्या ठेवून, १०-१५ दिवस रचून ठेवा. लाकडाला त्या खोलीची हवा लागू द्या.

सात फळ्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत

हा प्रश्न सर्वाधिक येतो: सरळ फेव्हिकॉल लावून एकसंध पाट का करू नये? लाकूड आपल्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण आडव्या दिशेने ओलाव्याबरोबर फुगते आणि आक्रसते. कोकणात मे महिना आणि जुलै महिना यांच्या हवेत जो फरक पडतो, त्याने २१ इंच रुंदीचा चिकटवलेला पाट चार-पाच मिलिमीटर हलू शकतो. मागे पट्ट्या ठोकून त्याला अडवले, की तो एक तर तडकतो किंवा मधून बाक घेतो. सुट्या फळीची हालचाल मिलिमीटरभरातच संपते.

त्यामुळे फळ्यांमध्ये फट ठेवायची. डिसेंबर ते मे या काळात जोडत असाल तर १ मिलिमीटर. पावसाळ्यात जोडत असाल तर फळी फळीला टेकवून लावा. दिवाळीनंतर फट आपोआप दिसू लागेल. ती दोष नाही. जुन्या फळ्यांचे रूप तिनेच येते.

प्रत्येक फळी प्रत्येक पट्टीला एकाच स्क्रूने, रुंदीच्या मध्यावर धरायची, म्हणजे ती दोन्ही बाजूंना मोकळी फुगते. जास्त घट्ट बसावी म्हणून दोन-दोन स्क्रू मारले, तर त्या दोघांमध्ये लाकूड अडकते आणि पहिल्याच उन्हाळ्यात फळीला उभी भेग जाते.

आखणी आणि शेपट्या

फळ्यांना मागून १ ते ७ आकडे घाला आणि साच्यावरून रेषा उतरवा. शेपटीची खाच १२ इंच खोल आहे: तिचे टोक काठीपासून २४ इंचांवर, चौथ्या फळीच्या मध्यावर येते आणि वरखालची टोके ३६ इंचांवर. खाच कोरण्याआधीच करवतीने कापून घ्या, मात्र शेपट्यांची टोके अर्धा इंच बोथट ठेवा. कोरताना टोकालाच हात लागतो आणि तिथली ढलपी उडते. धार शेवटी द्यायची.

कापून निघालेले तिकोनी तुकडे टाकू नका. रंगाची चाचणी त्यांच्यावरच करायची आहे.

लाटेचे चार माथे फळ्यांच्या मध्यरेषेवर, काठीपासून ४, ११, १९ आणि २७ इंचांवर आहेत. माथ्याची रेषा सरळ उभी नाही; वरचे टोक काठीकडे आणि खालचे बाहेर, एकूण एक इंचाची तिरप आहे. कापड आपल्या वजनाने खाली ओढले जाते म्हणून घडी अशी तिरकी पडते. उभ्या, समान अंतराच्या, समान खोलीच्या लाटा कोरल्या तर झेंडा पन्हळी पत्र्यासारखा दिसतो. ही चूक सर्रास होते आणि कोरून झाल्यावर सुधारता येत नाही.

वाऱ्यावरच्या झेंड्याची लाट काठीपाशी लहान असते आणि सुट्या टोकाकडे वाढत जाते. म्हणून घळींची खोलीही वाढती ठेवली आहे: साडेसात इंचांवर ६ मिलिमीटर, १५ इंचांवर १०, २३ वर १४ आणि साडेएकतीस इंचांवर १८. यापुढे जाऊ नका. १८ मिलिमीटर काढल्यावर खाली १४ उरतात, आणि शेपटीला तेवढी जाडी हवीच.

आधी पट्ट्या, मग कोरकाम

तीन लांब पट्ट्या ४, ११ आणि १९ इंचांवर, दोन आखूड पट्ट्या २७ इंचांवर, वरच्या आणि खालच्या शेपटीमागे एकेक. सगळ्या माथ्याच्याच तिरपेने बसवायच्या. म्हणजे पट्टी नेहमी माथ्यामागे येते. याला कारण आहे. पट्टी १८ मिलिमीटर जाड, स्क्रू ३५ मिलिमीटर लांब, म्हणजे तो फळीत १७ मिलिमीटर शिरतो. माथ्यामागे हे चालते. शेवटच्या घळीमागे तोच स्क्रू पुढून बाहेर डोकावेल आणि तुमची पटाशी त्याच्यावर आपटेल.

एकूण २७ स्क्रू लागतात, खोक्यात ३० आहेत. आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडा, मग स्क्रू. पहिल्या जोडणीला साधे लोखंडी स्क्रू वापरा, कारण रंगाआधी सगळे एकदा सुटे करायचे आहे. शेवटच्या जोडणीला खोक्यातले स्टेनलेसचे. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतो, आणि सागवानात त्याच्याभोवती काळा डागही पसरतो. कुणाला पितळी स्क्रूच हवे असतील तर लोखंडी स्क्रूने वाट करून मगच ते घाला. पितळ नरम असते, कडक लाकडात त्याची मान तुटते.

आता घळींच्या रेषेवर, दर दोन इंचांवर, ठरलेल्या खोलीची बारीक भोके पाडा. ड्रिलच्या बिटाला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. भोकाचा तळ नाहीसा होईपर्यंतच कोरायचे. डोळ्याच्या अंदाजाने कोरले की शेवटची घळ हमखास जास्त खोल जाते.

कोरण्याचा नियम एकच, पण तो मोडू नका: माथ्यावरून घळीकडे, म्हणजे उतारावर. घळीच्या तळाशी थांबा आणि समोरच्या माथ्यावरून पुन्हा खाली या. घळीतून वर चढत कोरले तर पटाशी रेषांच्या खाली घुसते आणि लांब ढलपी उपटून काढते. गोल पटाशी २० ते २५ मिलिमीटर रुंदीची घ्या, धार दर अर्ध्या तासाने दगडावर लावा. गाठ आली तर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढा, एकदम ठोकू नका.

ग्राइंडर वापरणार असाल तर ४० नंबरची फ्लॅप डिस्क लावा. दातेरी कोरीव डिस्क वेगाने काम उरकते, पण ती फळ्यांच्या फटीत अडकून झटका देते. नवशिक्याने ती घेऊ नये. मशीनवरचे संरक्षक कवच काढायचे नाही. शेवटी ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर. रांगड्या रूपासाठी तिथेच थांबा. पटाशीचे पुसट ठसे राहिले तर उत्तमच.

जुनाट रूप हवे असेल तर गॅसबर्नरची ज्योत फळीवरून हलती ठेवून पृष्ठभाग नुसता तांबूस-काळा होईपर्यंत भाजा आणि तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासा. मऊ भाग निघून जातो, कडक रेषा उठून दिसतात. सागवानावर हे छान उठते, शिवणीवर कमी. भाजायचे ते तेल लावण्याआधी, मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याची बादली ठेवून.

रंग

फळ्या सुट्या करा, म्हणजे कडाही रंगतील. पुड्यांमध्ये पिवळा आणि लाल ऑक्साइड आहे. तीन भाग पिवळ्याला एक भाग लाल ही सुरुवात. डबल बॉइल्ड जवसाच्या तेलात पातळ कालवून आधी तिकोनी तुकड्यावर लावून पाहा. फणसावर लाल थोडा कमी लागतो. झगझगीत नारिंगी रंग खिडकीसमोर लवकर उडतात. ऑक्साइड मातीचेच असल्यामुळे टिकतात. पहिला हात लावून १५ मिनिटांनी कापडाने पुसा. घळीत रंग थोडा जास्त राहू द्या, माथ्यावर कमी. सावली आणखी खोल दिसते.

ही सूचना घरातल्या सगळ्यांना सांगा: जवसाच्या तेलाची बोळा केलेली फडकी आपोआप तापून पेटू शकतात. वापरून झाली की ती पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. ढीग करून कोपऱ्यात टाकू नका.

नुसत्या तेलावर पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून तेल आठवडाभर पक्के वाळल्यावर मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) दोन पातळ हात द्या, मागच्या बाजूलाही. एकाच बाजूला दिले तर फळी दुसऱ्या बाजूने ओल पिते आणि वळते. स्पिरिटमधले चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. दमट हवेत ते पांढुरके होते.

भिंत

तयार झेंडा लाकडाप्रमाणे साडेपाच ते आठ किलोचा भरतो. जोडपट्टीचे दोन भाग आहेत, दोघांची कड ४५ अंशांत कापलेली. एक भाग भिंतीला, दुसरा झेंड्यामागच्या लांब पट्ट्यांना, फळ्यांना नव्हे. मग झेंडा वरून सरकवून अडकवायचा. मागे सुमारे ३० मिलिमीटर मोकळी जागा राहते, तिथून हवा खेळते.

जांभ्याच्या भिंतीत भोक चिऱ्याच्या मध्यभागी पाडा, सांध्यात नाही. जुन्या घरांत सांधा मातीचा असतो आणि प्लग हातात येतो. ड्रिलची हातोडी बंद ठेवा, नाहीतर चिरा भुसभुशीत होऊन भोक मोठे होते. ८ मिलिमीटरचे प्लग, ६० मिलिमीटरचे स्क्रू, तीन जागी. पावसाचा मारा पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीवर असतो. तिथे ओल आत उतरत असेल तर दुसरी भिंत निवडा. उजेड बाजूने यायला हवा. समोरून पडलेल्या उजेडात लाटा सपाट दिसतात.

याच पद्धतीने तिरंगा करू का?

भाजलेला, कडा झिजवलेला तिरंगा आम्ही करत नाही आणि तुम्हीही करू नये. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात कोणत्याही पदार्थात केलेली राष्ट्रध्वजाची प्रतिकृती ध्वजातच धरली आहे, आणि २००२ ची ध्वजसंहिता फाटका किंवा विस्कटलेला ध्वज लावू देत नाही. मुद्दाम जुना केलेला तिरंगा याच्या विरुद्ध जातो. शिवाय तिथे प्रमाण ३:२ आणि चक्राचे आरे २४ हे ठरलेले आहे. शेपट्या नाहीत, अक्षरे नाहीत. नौदलाच्या निशाणाची मागणीही २ सप्टेंबर २०२२ ला नवे निशाण आल्यापासून होते. त्याच्या कोपऱ्यात तिरंगा आहे, म्हणून तेही आम्ही कोरत नाही.

पुढची देखभाल

कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, ओले फडके नको. गणपतीच्या आधी एकदा झेंडा उतरवून मागे बुरशी किंवा वाळवीची माती दिसते का पाहा. खाली पीठ पडलेले दिसले तर ते झाडून टाकण्याआधी कोणत्या फळीखाली आहे ते बघा. मागच्या आकड्यावरून तेवढीच फळी बदलून मिळते.