निळी फुलपाखरं (लायसिनिडी कुळ) आणि त्यांचं जीवनचक्र

लायसिनिडी हे फुलपाखरांचं जगातलं दुसऱ्या नंबरचं मोठं कुळ, 5000 च्या वर जाती आहेत, तरी फुलपाखरांचे फोटो काढणारेसुद्धा यांच्याकडे उशिरा वळतात कारण बहुतेक जाती चिमुकल्या, जमिनीलगत उडणाऱ्या आणि पंख मिटले की करड्या दिसणाऱ्या. आपल्या माळरानावरचं ग्रास ज्युएल तर पंख पसरूनही जेमतेम 15 ते 22 मिमी भरतं. पंख उघडल्यावर नराचा जो निळा रंग चमकतो तो रंगद्रव्याचा नसतो, पंखांवरच्या खवल्यांच्या सूक्ष्म रचनेमुळे तसा दिसतो. मादी बऱ्याचदा तपकिरी. अनेक जातींच्या मागच्या पंखांना दोऱ्याएवढ्या शेपट्या आणि काळे ठिपके असतात, बसल्या बसल्या ते पंख घासत राहतात, मग तिकडेच डोकं आहे असं समजून पक्षी किंवा सरडा झडप घालतो, पंखाचा तुकडा जातो पण जीव वाचतो.

पण खरी गंमत अळीत आहे. मादी खाद्यवनस्पतीच्या कळीवर किंवा कोवळ्या पानावर अंडं घालते, अंडं चपटं गोल, भिंगातून पाहिलं तर जाळीदार नक्षीचं. आतून निघते ती अळी चपटी, गोगलगायीसारखी, डोकं पार आत दडलेलं. ज्यांचं जीवनचक्र माहीत आहे अशा जातींपैकी साधारण तीन-चतुर्थांश जातींचं मुंग्यांशी काही ना काही नातं आहे. अळीच्या पाठीवर मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, मुंगी येऊन तिथे मिशांनी टकटक करते, गोड थेंब बाहेर येतो, मुंगी तो पिते आणि त्या बदल्यात अळीवर अंडी घालायला येणाऱ्या गांधीलमाश्यांना हुसकावते. अळी शोधायची असेल तर पानं उलटत बसण्यापेक्षा मुंग्या कुठे घुटमळतायत ते बघावं, पटकन सापडते.

सगळीच देवाणघेवाण इतकी सरळ नाही. युरोपातल्या लार्ज ब्लूची अळी आधी थाइम या सुगंधी वनस्पतीची फुलं खाते, मग जमिनीवर पडते, लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि ती तिथे जवळपास 10 महिने मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. ब्रिटनमध्ये हे फुलपाखरू 1979 ला नामशेष झालं. रोगाने ससे मेले, चराई कमी झाली, गवत वाढलं, जमीन थंड पडली आणि अळीला लागणारी मुंग्यांची ती एक जातच तिथून कमी झाली, हे कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी शोधलं, मग चराई परत सुरू करून स्वीडनहून आणलेली फुलपाखरं पुन्हा वसवली गेली. फुलपाखरू वाचवायचं म्हणजे गवताची उंची सांभाळायची, हे कोणाच्या ध्यानीमनी तरी आलं असतं का!

आपल्याकडे घरबसल्या बघायचं तर रेड पिएरो. बाल्कनीत पानफुटी असेल तर पानावर फिकट, पारदर्शक डाग आणि काळी विष्ठा दिसते, पान उजेडात धरलं की आतमध्ये अळी सरकताना दिसते, कारण ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधला गर खात पुढे जाते. कुंडीतली दोन-चार पानं गेली तर जाऊ द्यावीत, फवारा मारू नये असं मनापासून वाटतं. याच कुळातल्या एपफ्लाय फुलपाखराची अळी तर मांसाहारी, जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण फस्त करते आणि तिचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो.

डाळिंबवाल्यांना मात्र या कुळाचं कौतुक सांगायची सोय नाही. सांगोला, सटाणा भागात जिला सुरसा म्हणतात ती फळ पोखरणारी अळी याच कुळातल्या फुलपाखराची. मादी फुलावर नाहीतर कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते, अळी भोक पाडून आत शिरते आणि दाणे खाते, भोकातून विष्ठा बाहेर येते, मग त्यातून बुरशी-जिवाणू शिरून फळ सडतं. यातही तिची एक हुशारी आहे, फळ गळून खाली पडू नये म्हणून ती बाहेर येऊन देठ फांदीला रेशमी धाग्याने बांधून टाकते. म्हणून फळं लहान असतानाच पिशव्या घालतात आणि किडकी फळं तोडून नष्ट करतात, एकदा अळी आत गेली की वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही.