रंग चोळला आणि कातडी पारदर्शक झाली, हे कसं काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये ती बातमी आली तेव्हा एकाच दिवसात तीन-चार जणांनी मला फॉरवर्ड केली, वर मथळा काय तर "आता माणूस अदृश्य होणार". माणूसबिणूस कोणी अदृश्य होत नाहीये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टार्ट्राझिन नावाचा खाण्याचा पिवळा रंग पाण्यात भरपूर विरघळवून जिवंत उंदराच्या पोटावर चोळला आणि काही मिनिटांत आतली आतडी हलताना दिसायला लागली, बस. धुवून टाकलं की कातडी परत होती तशी.

मला मात्र दुसरीच गोष्ट सतावत होती. पाण्यात रंग टाकला की पाण्यातून कमी दिसतं, मग इथे रंग टाकून जास्त कसं दिसलं?

आधी एक करून बघा. मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबा. बोट लालभडक उजळतं, म्हणजे प्रकाश आरपार येतोय (निळा-हिरवा बराचसा रक्त शोषून घेतं म्हणून लाल). पण आतलं हाड दिसतं का? नाही. कारण प्रकाश अडत नाही, भरकटतो. शाळेतला अपवर्तनांक (पदार्थात शिरल्यावर प्रकाशाचा वेग किती पट कमी होतो तो आकडा) आठवतोय ना, पाण्याचा १.३३ असतो, पेशींमधल्या चरबीचा आणि प्रथिनांचा १.४५ च्या आसपास, आणि अशा लाखो सीमा ओलांडताना प्रकाश दर वेळी जरासा वळतो. साधारण एक मिलीमीटर आत गेला की मुळात कुठून निघाला होता ह्याचा पत्ताच उरत नाही.

कागदावर तेलाचा थेंब पडला की तेवढा भाग अर्धपारदर्शक होतो, तो का? कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तेल तिची जागा घेतं, आणि तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळपास असल्यामुळे प्रकाशाला सीमा आलेलीच कळत नाही. कातडीतही तेच करायचं, फक्त पाण्याचा अपवर्तनांक चरबीच्या जवळ न्यायचा. ग्लिसरीनने हे जमतं, पण ते फार म्हणजे फारच ओतावं लागतं.

आता माझा आवडता भाग, जरा धीर धरा. रंगाच्या रेणूतला इलेक्ट्रॉन म्हणजे झोपाळा समजा. टार्ट्राझिनचा झोपाळा निळ्या प्रकाशाच्या तालावर सगळ्यात जोरात हलतो आणि ती ऊर्जा गिळतो, म्हणून तर तो पिवळा दिसतो. लाल प्रकाशाचे धक्के ह्या तालापेक्षा हळू असतात, तेव्हा झोपाळा निमूट त्या धक्क्यांबरोबर हलतो, ऊर्जा जवळपास काहीच खात नाही, पण हलताना स्वतःची एक छोटी लाट सोडतो आणि ती मूळ लाटेत मिसळली की एकूण लाट थोडी मागे पडते. लाट मागे पडते म्हणजे प्रकाशाचा वेग कमी, म्हणजेच रंग मिसळलेल्या पाण्याचा अपवर्तनांक जास्त, चरबीच्या जवळ! स्वतःचा ताल जितका जवळ तितका झोका मोठा, म्हणून निळ्यात जोरदार शोषणारा रेणू लालमध्ये जास्त कामाचा, अतिनील शोषणारा कमी. क्रोनिग आणि क्रेमर्स ह्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९२६-२७ मध्येच शोषण आणि अपवर्तनांक एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते गणिताने दाखवलं होतं. त्यातलं इंटिग्रल मी इथे आणत नाही, आधीच अर्धे लोक पळाले असतील.

बाकी हे वाचून कोणी अंगाला रंग फासत बसू नका, प्रयोग उंदरांवरचा आहे. आणि पैसे घेऊन "ऑरा"चा (अंगाभोवतीच्या तथाकथित तेजोवलयाचा) फोटो काढून देणारे आता ह्याचाही हवाला देतील, त्यांना विचारा की तुमच्या ऑराचा अपवर्तनांक किती.

खोल बघायचा दुसरा रस्ता जुना आहे. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दोन-फोटॉन मायक्रोस्कोप तयार झाला. त्यात कमी भरकटणारा अवरक्त लेसर वापरतात, आणि दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच वेळी चमकणाऱ्या रंगाच्या रेणूवर आदळले तरच तो चमकतो. इतकी गर्दी फक्त फोकसच्या बिंदूपाशी होते, त्यामुळे परत येताना प्रकाश कितीही भरकटला तरी तो कुठून आला हे आधीच माहीत असतं. ह्या पद्धतीने उंदराच्या मेंदूत मिलीमीटरच्या आसपास खोल जाता येतं.

रंगाची अडचण वेगळी आहे. माणसाची कातडी उंदराच्या कातडीपेक्षा कितीतरी जाड, आणि जिथवर रंग भिनेल तिथवरच खिडकी उघडणार. ती खिडकीही केशरी-लालसरच, कारण निळा प्रकाश टार्ट्राझिनने आधीच खाल्लेला असतो.